कोंबड्यांचे पाय लुळे पडले आणि कोंड्याची किंमत कळली
डॉ. क्रिस्तियान आयकमान यांचे चरित्र

भात गिरणीतून काढून आणला की तांदूळ माणसाला आणि कोंडा गुरा-कोंबड्यांना, ही वाटणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कोंडा म्हणजे हलकी वस्तू, उरलेसुरले, असाच आपला समज. पण याच कोंड्यात माणसाचा आणि कोंबडीचा जीव वाचविणारे काहीतरी आहे, हे जगाला पहिल्यांदा दाखविले ते जावा बेटावर काम करणाऱ्या एका डच डॉक्टरने. आणि ते दाखविले माणसांवर नव्हे, तर कोंबड्यांवर. या कामासाठी त्यांना १९२९ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला हे नाव माहीत असायला हवे, पण आपल्याकडे ते फारसे कोणी घेत नाही. म्हणून हा लेख.

क्रिस्तियान आयकमान यांचा जन्म ११ ऑगस्ट १८५८ रोजी हॉलंडमधील नायकेर्क या गावी झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक आणि हे त्यांचे सातवे अपत्य. जन्मानंतर वर्षभरातच कुटुंब झानडाम या गावी राहायला गेले आणि वडिलांच्याच शाळेत मुलाचे शिक्षण झाले. मास्तरांच्या घरात सात-आठ पोरं, म्हणजे पैशाची चणचण आलीच. डॉक्टरकीचा खर्च परवडण्यासारखा नव्हता. पण लष्कराचे एक वैद्यकीय विद्यालय होते. तिथे शिकायचे आणि मग हॉलंडच्या पूर्वेकडील वसाहतीत, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, लष्करी डॉक्टर म्हणून नोकरी करायची अशी पद्धत होती. १८७५ साली आयकमान या वाटेने ॲमस्टरडॅमला दाखल झाले. हुशार होते. शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकांचे साहाय्यक म्हणून दोन वर्षे काम केले, मज्जातंतूंवर प्रबंध लिहिला आणि १३ जुलै १८८३ रोजी सन्मानासह डॉक्टरेट मिळविली. हा मज्जातंतूंचा अभ्यास पुढे कोंबड्यांच्या बाबतीत फार उपयोगी पडला.

त्याच वर्षी लग्न झाले आणि त्याच वर्षी ते बोटीने जावाला गेले. सेमारांग, नंतर दक्षिण किनाऱ्यावरचे चिलाचाप आणि सुमात्रा बेटावरचे एक ठाणे, अशा बदल्या झाल्या. चिलाचापला त्यांना हिवतापाने गाठले. ताप असा मुरला की १८८५ साली आजारपणाची रजा घेऊन त्यांना मायदेशी परतावे लागले. १८८६ साली पत्नी वारली. तिशीच्या आत माणूस आजारी, बायको गेलेली, नोकरी अधांतरी. दुसरा कोणी असता तर गावी दवाखाना टाकून बसला असता. आयकमान बर्लिनला गेले. तिथे रॉबर्ट कॉख हे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. क्षयाचे आणि पटकीचे जंतू शोधणारे ते हेच. त्यांच्या प्रयोगशाळेत आयकमान जंतुशास्त्र शिकू लागले.

आता थोडे बेरीबेरीबद्दल सांगायला हवे. हा रोग आपल्या भागात आजकाल कोणी पाहिलेला नसेल. पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, चाल बिघडते, पाय लुळे पडतात; काहींच्या अंगावर सूज चढते आणि शेवटी हृदय बंद पडून माणूस जातो. त्या काळी जावा-सुमात्राच्या छावण्यांत, तुरुंगांत, इस्पितळांत आणि जहाजांवर हा रोग माणसे मारीत होता. सुमात्राच्या उत्तर टोकाला अचेह प्रांतात डच सरकारचे युद्ध चालू होते. तिथे शिपाई शत्रूच्या हातून कमी आणि बेरीबेरीने जास्त आडवे पडत होते. सरकार हादरले. १८८६ साली पेकेलहारिंग आणि विंकलर या दोन तज्ज्ञांना जावाला धाडले. हे दोघे जाण्यापूर्वी कॉख यांच्या प्रयोगशाळेत आले होते, तिथे त्यांची आयकमान यांच्याशी गाठ पडली. साहाय्यक म्हणून आयकमान त्यांच्याबरोबर पुन्हा जावाला निघाले. ज्या मुलुखाने एकदा अर्धमेले करून परत पाठविले, तिथेच पुन्हा.

तो काळ जंतूंचा होता. रोज नवा जंतू सापडत होता, त्यामुळे प्रत्येक रोगामागे जंतूच असणार अशी सगळ्यांची खात्री होती. पेकेलहारिंग आणि विंकलर यांनीही वर्षभर काम करून बेरीबेरीचा जंतू सापडला असे मानले आणि बराकी जंतुनाशकाने धुवून काढण्याचा सल्ला दिला. ते परत गेले, पण राहिलेले काम पुरे करायला बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, लष्करी इस्पितळाच्या आवारात छोटी प्रयोगशाळा ठेवून गेले. १५ जानेवारी १८८८ रोजी आयकमान तिचे संचालक झाले. तेथील स्थानिक तरुणांना डॉक्टर करणारी शाळा होती, तीही त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी त्यांनी दुसरे लग्न केले आणि दोन वर्षांनी मुलगा झाला.

प्रयोगशाळेत प्रयोगासाठी जनावरे लागतात. आयकमान यांनी कोंबड्या निवडल्या. कारण साधे, त्या स्वस्त होत्या आणि पुष्कळ संख्येने ठेवता येत होत्या. बेरीबेरीच्या रोग्याचे रक्त काही कोंबड्यांना टोचायचे, काहींना टोचायचे नाही, आणि टोचलेल्या आजारी पडतात का ते बघायचे, असा बेत होता.

आणि झालं काय, कोंबड्या आजारी पडल्या. पण टोचलेल्याही पडल्या आणि न टोचलेल्याही पडल्या!

आपले ब्रॉयलरवाले शेतकरी हे वर्णन नीट वाचतील तर बरे. आधी चाल अडखळू लागली. कोंबडी दांडीवर नीट बसेना. मग पाय लटपटू लागले, उभे राहताना गुडघ्यात मोडू लागले, कोंबडी कुशीवर पडून राहू लागली. लुळेपणा खालून वर चढत गेला. पंख लोंबले, मान वाकली, श्वास जड झाला, तुरा निळसर पडला, अंग गार झाले आणि खेळ संपला. मेलेल्या कोंबड्यांच्या नसा आयकमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मज्जातंतूंचा अभ्यास पाठीशी होताच. नसा जागोजाग झिजलेल्या, नासलेल्या दिसल्या. माणसाच्या बेरीबेरीतही हेच दिसते. म्हणजे कोंबडीलाही बेरीबेरीसारखा रोग होतो, इथपर्यंत ते पोचले. जंतू मात्र काही केल्या सापडेना. निरोगी कोंबड्या दूर वेगळ्या ठेवून पाहिल्या, त्यांनाही तेच झाले. खुराडेच दूषित झाले असावे, असे वाटू लागले.

आणि मग नोव्हेंबर महिन्याच्या शेवटी रोग आपोआप थांबला. नवीन कोंबड्या आजारी पडेनात आणि आजारी होत्या त्या उठून चालू लागल्या. औषध दिले नव्हते, खुराडे बदलले नव्हते. कोणीही म्हटले असते, बरं झालं, साथ ओसरली. आपल्याकडेही मरतूक थांबली की आपण सुटकेचा निश्वास टाकतो आणि कारण शोधायचे सोडून देतो. आयकमान यांनी सोडले नाही. काय बदलले याची त्यांनी चौकशी लावली.

चौकशीत जे निघाले ते अगदी घरगुती होते. प्रयोगशाळेतल्या नोकराने जून महिन्याच्या मध्यापासून काटकसर म्हणून इस्पितळाच्या भटारखान्यातला उरलेला शिजवलेला भात कोंबड्यांना घालायला सुरुवात केली होती. तो भात पांढराशुभ्र, उत्तम सडलेल्या तांदळाचा. लष्करी रुग्णांसाठीचा पहिल्या प्रतीचा माल तो. रोग सुरू झाला जुलैमध्ये. पुढे भटारखान्याचा आचारी बदलला. नव्या आचाऱ्याला लष्कराचा तांदूळ बिगरलष्करी कोंबड्यांनी खावा हे पटले नाही, त्याने भात द्यायचे बंद केले. नोकर पुन्हा बाजारातला साधा, कमी सडलेला तांदूळ आणू लागला. आणि काही दिवसांत कोंबड्या बऱ्या झाल्या. एका हट्टी आचाऱ्याच्या नियमावर बोट ठेवण्याने वैद्यकशास्त्राचे पान उलटले. कार्यालयात नियमावर बोट ठेवणाऱ्यांना आपण नावे ठेवतो, पण इथे त्याचे उपकारच म्हणायचे.

यात योगायोग किती आणि आयकमान यांची करामत किती? योगायोग फक्त आचाऱ्यापुरता. त्यापुढची पाच-सहा वर्षे त्यांनी जे केले, ते खाद्यातली कोणतीही नवी वस्तू कशी तपासावी याचा वस्तुपाठ आहे.

त्यांनी कोंबड्यांचे गट पाडले. एका गटाला पूर्ण सडलेला तांदूळ, दुसऱ्याला कोंडा न काढलेला. जागा तीच, पाणी तेच. पहिल्या गटातल्या कोंबड्या तीन-चार आठवड्यांत लुळ्या पडल्या, दुसऱ्यातल्या ठणठणीत. मग प्रश्न आला, शिजविण्यामुळे तर होत नसेल? कच्चा सडलेला तांदूळ दिला, तरी रोग झाला. तांदूळ जुना, साठवणीतला म्हणून होतो का? ताजा सडून दिला, तरी झाला. बरे, नुसत्या उपासमारीने होतो का? तेही तपासले. साबुदाण्यासारखा नुसता पिठूळ पदार्थ दिला तरी रोग होतो, असे दिसले. शेवटी त्यांनी सडलेल्या तांदळातच तो काढलेला कोंडा, म्हणजे दाण्यावरची तांबूस-रुपेरी पापुद्र्याची पूड, परत मिसळून दिली. रोग झाला नाही. लुळ्या पडलेल्या कोंबडीला कोंडा दिला, ती उठली. कोंडा पाण्यात भिजवून ते पाणी दिले, तरी गुण आला. म्हणजे जे काही गुणकारी आहे ते पाण्यात उतरते, हेही कळले.

देणे, काढून घेणे आणि पुन्हा देणे. दिले की बरे, काढले की आजार, परत दिले की परत बरे. अशी ही तपासणीची पद्धत.

इथे जरा आपल्या शेडकडे वळतो. आज बाजारात वनस्पतीजन्य खाद्यपूरकांची रेलचेल आहे. हळद, लसूण, ओवा, शेवग्याचा पाला, नाना तऱ्हेचे अर्क. पाकिटावर यकृताचे चित्र आणि वजनवाढीचे आश्वासन. प्रतिजैविकांवरची बंधने वाढत आहेत. युरोपात वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालायला २००६ पासून बंदी आहे, आपल्याकडे २०१९ साली कोलिस्टिन या औषधाला जनावरे आणि कोंबड्यांसाठी बंदी आली. त्यामुळे वनस्पतींकडे वळणे बरोबरच आहे. ओव्यातल्या थायमॉलसारख्या द्रव्यांनी जंतूंची वाढ रोखली जाते, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. पण प्रयोगशाळेतल्या बशीत जे होते ते कोंबडीच्या आतड्यात तेवढ्याच प्रमाणात होईलच असे नाही. एका शेडला फरक दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही. शेतकरी काय करतो? पूर्ण बॅचला पूरक देतो, बॅच चांगली निघाली की पुरकाची वाहवा करतो, वाईट निघाली की पिल्लांना दोष देतो. थंडीतली बॅच आणि एप्रिलमधली बॅच यांची तुलना करून काय कळणार, सांगा बरं?

आयकमान यांच्या पद्धतीने करायचे तर शेडमध्ये मधोमध जाळी बांधावी. एकाच दिवशी, एकाच हॅचरीतून आलेली पिल्ले दोन्हीकडे सारखी मोजून सोडावीत. खाद्य, तूस, भांडी, दाटी, लस, सगळे सारखे. फरक फक्त एकच, पूरक. खाद्याच्या पिशव्या दोन्हीकडच्या वेगळ्या मोजाव्यात. दर आठवड्याला प्रत्येक बाजूच्या पन्नासेक पक्ष्यांचे वजन घ्यावे, हाताला येतील तसे पकडून. निवडून मोठे पकडले तर आपलीच फसवणूक. मरतूक रोज वेगळी लिहावी. आणि पुढच्या बॅचला बाजू उलट करावी, कारण शेडच्या एका टोकाला वारा जास्त, दुसऱ्या टोकाला ऊन जास्त, हे असतेच. कंपनीशी करार करून पक्षी सांभाळत असाल तर पिल्ले आणि खाद्य कंपनीचे असते, तेव्हा सुपरवायझरला विचारल्याशिवाय आपल्या मनाने खाद्यात काही मिसळू नये. वह्या भरायचा कंटाळा येतो हे खरे. पण पुरकाचा खर्च वाया गेला की कामी आला, हे दुकानदार सांगणार नाही. तुमची वहीच सांगेल.

असो. आयकमान यांचे पुढे काय झाले?

कोंबड्यांचे ठीक, पण माणसाचे काय, असा प्रश्न लोक विचारू लागले. कोंबडीचा रोग वेगळा आणि माणसाचा वेगळा, असे म्हणणारे पुष्कळ होते. आयकमान यांनी आपले निष्कर्ष जावातील आरोग्य खात्याचे निरीक्षक आदोल्फ फोर्डरमान यांच्या कानावर घातले. फोर्डरमान यांचा तुरुंगांशी रोजचा संबंध. जावाच्या तुरुंगांत कैद्यांना त्या त्या भागाच्या चालीप्रमाणे तांदूळ मिळे, कुठे पूर्ण सडलेला, कुठे कोंड्यासकट, कुठे मिसळ. म्हणजे प्रयोग आधीच मांडून ठेवल्यासारखा होता, फक्त मोजणी बाकी होती. १८९५ ते १८९७ या काळात फोर्डरमान यांनी १०१ तुरुंगांची आणि जवळजवळ २ लाख ८० हजार कैद्यांची माहिती गोळा केली. कोंड्यासह तांदूळ देणारे ३७ तुरुंग होते; त्यापैकी एकातच बेरीबेरी सापडला. पूर्ण सडलेला तांदूळ देणारे ५१ होते. त्यातल्या ३६ तुरुंगांत रोग. मिसळ देणाऱ्या १३ पैकी ६ मध्ये. कैद्यांच्या हिशेबाने सांगायचे तर कोंड्यासह तांदूळ खाणाऱ्या १० हजारांत एकाला रोग, मिसळ खाणाऱ्या ४१६ मध्ये एकाला आणि पांढरा तांदूळ खाणाऱ्या ३९ मध्ये एकाला. फोर्डरमान यांनी इमारत जुनी की नवी, हवा खेळती की कोंदट, जमीन कशी, दाटी किती, हेही सगळे टिपले होते. त्याचा रोगाशी काही संबंध लागला नाही. संबंध लागला तो तांदळाशीच.

सर्वेक्षणाचे फॉर्म भरताना कंटाळणाऱ्या आम्हा गावपातळीवरच्या मंडळींना या फोर्डरमानचे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

एवढे होऊनही आयकमान यांचा स्वतःचा अंदाज चुकलेला होता, हे सांगितले पाहिजे. तांदळाच्या पिठूळ भागात काहीतरी विष असते आणि कोंड्यात त्यावर उतारा असतो, अशी त्यांची समजूत होती. प्रयोग बिनचूक, पण अर्थ चुकीचा. बर्लिनला जंतुशास्त्र शिकलेला माणूस तो. रोग म्हणजे शरीरात काहीतरी वाईट शिरणे, हे डोक्यात पक्के बसलेले. काहीतरी चांगले कमी पडल्यानेही रोग होतो, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. मार्च १८९६ मध्ये तब्येत ढासळल्यामुळे आयकमान यांना बटाव्हिया सोडून कायमचे हॉलंडला परतावे लागले. मागे राहिलेले त्यांचे सहकारी हेरिट खायन्स यांनी कोंबड्यांचे प्रयोग पुढे नेले. त्यांनी कोंड्याऐवजी मूग देऊन पाहिले. मुगानेही कोंबड्या वाचल्या. खूप तापविलेले मांस देऊन पाहिले. तेव्हा तांदूळ अजिबात न खाता, पिठूळ पदार्थ अजिबात न देता कोंबड्या लुळ्या पडल्या. मग पिठाचे विष कुठले? १९०१ साली खायन्स यांनी लिहिले की खाद्यात एक अगदी थोडे लागणारे द्रव्य असते, ते नसले की नसा झिजतात, आणि जास्त तापविले की ते नष्ट होते. आयकमान यांना हे लगेच पटले नाही, पण पुढे स्वतः प्रयोग करून त्यांनी ते मान्य केले.

१९१२ साली लंडनमध्ये काम करणाऱ्या कासिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना व्हिटॅमिन हे नाव दिले. आपण त्यांना जीवनसत्त्वे म्हणतो. कोंड्यातले ते द्रव्य म्हणजे जीवनसत्त्व ब-१, थायमिन.

आपल्या कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खातात, त्याचा इथे खरा संबंध आहे. भात आधी उकडून, वाळवून मग सडले की कोंड्यातले थायमिन पाण्याबरोबर दाण्याच्या आत उतरते आणि सडल्यावरही बरेचसे शिल्लक राहते. मलायात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांना हेच दिसले होते. पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने मरत होते आणि शेजारीच उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर सुरक्षित होते. आपल्या आजी-पणजीला ब-१ माहीत नव्हते, पण तिची उकडायची हंडी बरोबर काम करीत होती. हलरच्या पांढऱ्याशुभ्र तांदळाला हसू नये, पण त्याच्या पांढरेपणाला प्रतिष्ठाही देऊ नये, एवढे मात्र वाटते.

कोंबड्यांपुरते बोलायचे तर आजच्या मका-सोयाबीनच्या खाद्यात ब-१ ची कमतरता सहसा पडत नाही. ब्रॉयलरला किलोभर खाद्यामागे सुमारे १.८ मिलिग्रॅम थायमिन लागते आणि एकट्या मक्यातच त्याहून जास्त असते. तरी अडचण येते ती तीन-चार वाटांनी. घरी खाद्य बनविणारा शेतकरी स्वस्त म्हणून नुसती तांदळाची कणी भरतो, तेव्हा. खाद्याला बुरशी लागली, तेव्हा. किनाऱ्यावर कच्ची मासळी खाद्यात जास्त घातली, तेव्हा. काही कच्च्या माशांत थायमिन मोडणारे द्रव्य असते, मासळी शिजविली की ते नाहीसे होते. आणि रक्ती हगवणीवर अ‍ॅम्प्रोलियम हे औषध गरजेपेक्षा जास्त मात्रेने किंवा जास्त दिवस पाजले, तेव्हा. हे औषध दिसायला थायमिनसारखेच असते, परजीवी फसतो तो त्यामुळेच. मात्रा वाढली की कोंबडीही फसते. अशी कोंबडी बसल्या जागी मान मागे टाकून आभाळाकडे बघत राहते. वेळीच ब-१ दिले तर काही तासांत फरक दिसतो.

पण पाय लुळे पडले की ब-१ च कमी, असेही धरून बसू नका. बोटे आत वळली असतील तर ब-२ ची कमतरता असू शकते. एक पाय पुढे आणि एक मागे अशी फाकलेली कोंबडी मरेक्सकडे बोट दाखविते. मान पिरगळलेली, हिरवी हगवण आणि धाप असेल तर मानमोडी, म्हणजे राणीखेत, मनात आणले पाहिजे, आणि ती साथ आहे. मेलेला पक्षी खड्ड्यात टाकण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावा.

कोंडा वापरायचा तर त्यातही डोळे उघडे हवेत. गावच्या हलरमधून जो कोंडा मिळतो त्यात तूस, कणी आणि खरा कोंडा यांची सरमिसळ असते. तुसाला कोंबडीच्या दृष्टीने किंमत नाही, ते खाली अंथरायलाच बरे. आधुनिक गिरणीचा कोंडा, ज्याला पॉलिश म्हणतात, तो चांगला. पण त्यात १५ ते २० टक्के तेल असते आणि गिरणीतून निघाल्यापासून ते बिघडायला लागते. पावसाळ्यात थोड्याच दिवसांत खवट वास येतो. असा कोंडा कोंबडी खात नाही आणि खाल्ला तर सोसत नाही. म्हणून ताजा आणावा, थोडा आणावा. लहान पिल्लांना देऊ नये, मोठ्या पक्ष्यांच्या खाद्यातही दहा टक्क्यांच्या आसपास थांबावे. तेल काढलेला कोंडा जास्त टिकतो, मात्र त्यात ताकद कमी.

हॉलंडला परतल्यावर आयकमान १८९८ साली उट्रेख्त विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. तिथे त्यांनी पाण्यात मैलाचे जंतू मिसळले आहेत का हे ओळखण्याची एक चाचणी बसविली. आतड्यातले जंतू बऱ्याच चढ्या तापमानातही साखर आंबवितात, या गुणावर ती आधारलेली होती. बटाव्हियात असताना त्यांनी आणखी एक समज मोडून काढला होता. उष्ण देशात राहिले की गोऱ्या माणसाचे रक्त पातळ होते असे सगळे मानीत. आयकमान यांनी गोऱ्यांचे आणि स्थानिक लोकांचे रक्त मोजून दाखविले की असा काही फरक पडत नाही.

१९२६ साली बटाव्हियाच्या त्याच प्रयोगशाळेत यान्सेन आणि डोनाथ या दोघांनी क्विंटलच्या क्विंटल कोंड्यातून चिमूटभर शुद्ध स्फटिक वेगळे काढले. आयकमान तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. जे द्रव्य कोंड्यात आहे हे त्यांनी कोंबड्यांच्या पायांवरून ओळखले होते, ते आता काचेच्या नळीत दिसत होते. १९२९ चे नोबेल त्यांना इंग्लंडच्या सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्याबरोबर विभागून मिळाले, पण आजारपणामुळे ते स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. ५ नोव्हेंबर १९३० रोजी उट्रेख्त येथे त्यांचे निधन झाले. १९३६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट विल्यम्स यांनी थायमिन कारखान्यात बनविण्याची वाट मोकळी केली. आज खाद्याच्या जीवनसत्त्व-मिश्रणात ते असते ते यामुळेच. १९३८ साली बटाव्हियाच्या प्रयोगशाळेला आयकमान यांचे नाव देण्यात आले.

खायन्स यांना नोबेल मिळाले नाही. ते वाखेनिंगन येथील कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि निवृत्त होईपर्यंत शेतकीच्या विद्यार्थ्यांना जनावरांचे शरीरक्रियाशास्त्र शिकवीत राहिले.